पाळ्यांच्या शहरात सावकाश हालचालीचे मोल

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याचे काम तीन पाळ्यांत चालते. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या वेळांना कामगारांचा एक जथा कारखान्यात शिरतो आणि दुसरा बाहेर पडतो. झोतभट्टी एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षे अखंड धगधगत ठेवावी लागते. तिला रविवार नसतो आणि रात्रही नसते. तिच्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शरीराला मात्र दिवस आणि रात्र दोन्ही असतात.

रात्रपाळी संपवून कामगार घराकडे निघतो, त्याच सुमारास देशभरातील उद्यानांत योगासनांचे वर्ग सुरू होतात. पहाटे उठावे, स्नान करावे आणि प्रसन्न मनाने आसने करावीत, असा उपदेश नेहमी केला जातो. परंतु ज्याची पहाट कामावर गेली, त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात सापडत नाही. संथ आणि सजग हालचालींचा सराव घाईच्या जीवनात उपयुक्त ठरतो, असे सर्वत्र सांगितले जाते. भिलाईसारख्या शहरात हे विधान तपासून पाहिल्यास त्यातील तथ्य कोणते आणि अतिशयोक्ती कोणती, हे अधिक स्पष्ट होते.

घड्याळाभोवती उभारलेले शहर

भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला १० लाख टन पोलाद निर्माण करण्याची क्षमता प्रारंभी ठरवण्यात आली होती.

कारखान्यासोबत सेक्टरांमध्ये विभागलेली वसाहत उभी राहिली. नोकरीसाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. हावड्याहून मुंबईला जाणारा लोहमार्ग भिलाई आणि नागपूर या दोन्ही शहरांतून जातो. विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांना त्यामुळे हे शहर कधी फार परके वाटले नाही. शेतीच्या हंगामावर चालणारे आयुष्य मागे ठेवून आलेल्या या सर्वांना एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. ती म्हणजे घड्याळाप्रमाणे झोपणे, उठणे आणि जेवणे.

कारखान्यांच्या घड्याळाने माणसाचे वेळेशी असलेले नाते कसे बदलले, याची मांडणी ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात केली. पूर्वी माणूस हातातले काम संपेपर्यंत काम करी. औद्योगिक युगात तो तास भरेपर्यंत काम करू लागला, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सामाजिक मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९० च्या दशकापासून भिलाईत दीर्घकाळ संशोधन केले. त्यांना आढळलेले चित्र या सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळे होते. पोलाद कारखान्यातील कायम कामगारांचे काम अखंड धावपळीचे नसते. भट्टीजवळच्या अत्यंत कष्टाच्या कामानंतर विसाव्याचा काळ येतो आणि गटातील माणसे आपसांत कामाची वाटणी करून घेतात, असे त्यांनी दाखवून दिले. शेतातील पूर्वीचे कष्ट सुखाचे होते, असेही तेथील अनेक कामगारांना वाटत नव्हते. याउलट कंत्राटी आणि खाजगी कारखान्यांतील कामगारांवर कामाचा रेटा अधिक असल्याचे त्यांचे निरीक्षण होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात कायम आणि कंत्राटी कामगार यांच्यातील ही दरी सविस्तर मांडली आहे.

याचा अर्थ असा की घाई सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. म्हणूनच घाईवर उपाय सुचवताना तो कोणासाठी आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

शरीराचे घड्याळ आणि पाळीचे घड्याळ

मानवी शरीराचे तापमान, संप्रेरकांचे स्रवणे, भूक आणि झोप यांना सुमारे २४ तासांची लय असते. पहाटेच्या प्रहरी शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि सावधपणाही ओसरलेला असतो. रात्रपाळीच्या कामगाराला नेमके त्याच वेळी डोळे उघडे ठेवून यंत्र सांभाळावे लागते. सकाळी घरी आल्यावर तो झोपतो तेव्हा प्रकाश, उष्णता आणि घरातील वर्दळ यांमुळे झोप तुटक होते आणि कमी भरते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या छत्तीसगडमध्ये दुपारची झोप आणखी अवघड होते.

पाळी बदलत राहिली तर शरीराला एका वेळापत्रकाची सवय होण्यापूर्वीच दुसरे सुरू होते. थकवा, अपचन, चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव या तक्रारी त्यातून उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराची लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश 'माणसात बहुधा कर्करोगास कारणीभूत' या गटात केला. २०१९ मधील फेरतपासणीत रात्रपाळीचे काम त्याच गटात कायम ठेवण्यात आले.

या परिणामांवर मुख्य उपाय म्हणजे पुरेशी झोप, पाळ्यांची विवेकी आखणी आणि सुरक्षित कार्यस्थळ. कोणतेही आसन झोपेची जागा घेऊ शकत नाही. परंतु जागरणानंतर ताणलेल्या अवस्थेतून विश्रांतीकडे जाण्यासाठी शरीराला एक पायरी हवी असते. संथ हालचालींचा सराव ती पायरी पुरवू शकतो.

पोलाद शहराला हा विचार नवा वाटू नये. भिलाईचा कारखाना भारतीय रेल्वेच्या रुळांसाठी ओळखला जातो. रूळ तयार करताना तप्त पोलाद फार लवकर निवले, तर त्यात कोंडलेल्या हायड्रोजनमुळे आतल्या आत बारीक तडे पडतात. म्हणून रूळनिर्मितीत एके काळी रूळ मुद्दाम सावकाश निववले जात. पुढे निर्वात प्रक्रियेने वितळलेल्या पोलादातूनच हा वायू काढून टाकण्याचे तंत्र आले. माणसाचे शरीर पोलाद नव्हे, तथापि तापलेल्या अवस्थेतून एकदम शांत होणे त्यालाही साधत नाही.

व्यायाम आणि आसन यांतील भेद

महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा प्रामुख्याने तालमीची होती. जोर, बैठका, कुस्ती आणि मल्लखांब यांनी बळ आणि चपळाई कमावली जाई. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरीरीने प्रचार केला. या व्यायामांत संख्येला आणि दमाला महत्त्व होते.

स्वामी कुवलयानंद यांनी यापेक्षा वेगळी दिशा घेतली. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ मध्ये जन्मलेल्या गुणे यांनी बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले आणि नंतर माधवदास महाराजांकडून योगाची दीक्षा घेतली. योगक्रियांचे शरीरावर नेमके काय परिणाम होतात, हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनपत्र सुरू केले.

स्नायू फुगवणारा व्यायाम आणि आसन यांत कुवलयानंद यांनी स्पष्ट भेद केला. आसनाचा उद्देश पाठीचा कणा, मज्जासंस्था आणि अंतरिंद्रिये यांचे आरोग्य राखणे हा होय. म्हणून आसनात सावकाश जावे, झटके देऊ नयेत आणि तेवढ्याच सावकाश बाहेर यावे, अशी त्यांची शिकवण होती. पतंजलींच्या योगसूत्रांतही आसन स्थिर आणि सुखद असावे आणि प्रयत्न सैल सोडल्याने ते साधते, असा आशय आढळतो.

भिलाईपासून जवळ असलेल्या नागपुरात जनार्दनस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास योगासनांच्या प्रसारास वाहून घेतले. त्यांच्या नावाने चालणारे योगाभ्यासी मंडळ नागपूरच्या रामनगर भागात आहे. आसने ही संन्याशांपुरती नसून संसारी माणसाच्या रोजच्या उपयोगाची आहेत, ही जाणीव विदर्भातील अनेक घरांत या कार्यामुळे रुजली.

सावकाशपणाचा पुरस्कार केवळ भारतातच झाला असे नाही. चीनमध्ये ताई ची या मूळच्या युद्धकलेचे संथ स्वरूप लोकप्रिय झाले. सर्वसामान्य नागरिकांना शिकता यावे म्हणून १९५६ मध्ये तेथील क्रीडा यंत्रणेने तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. अभियंता आणि ज्युदोपटू मोशे फेल्डनक्राइस (१९०४-१९८४) यांनी स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यावर उपाय शोधताना अगदी लहान आणि हळू हालचालींची पद्धत विकसित केली. युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत योगाचा समावेश २०१६ मध्ये, तर ताई चीचा २०२० मध्ये झाला.

हळू हालचालीत काय घडते

वेगाने केलेल्या हालचालीत मेंदू आज्ञा आधीच तयार करून पाठवतो. हात किंवा पाय मध्येच चुकत असल्याची सूचना मेंदूपर्यंत पोहोचून दुरुस्ती होण्यास सेकंदाचा काही अंश लागतो आणि तोपर्यंत हालचाल संपलेली असते. हालचाल सावकाश केली, तर स्नायू, कंडरा आणि सांधे यांच्याकडून येणारे संदेश वाटेतच उपयोगात आणता येतात. एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर उचलला जात आहे, वजन एकाच टाचेवर पडत आहे किंवा श्वास रोखला गेला आहे, हे तेव्हाच कळते. वर्षानुवर्षे एकाच बाजूने ओझे उचलणाऱ्या किंवा एकाच पवित्र्यात उभे राहणाऱ्या कामगाराला ही माहिती मोलाची असते.

यामागे संवेदनेचा एक जुना नियमही आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी दाखवले की, मूळ भार जितका मोठा, तितका त्यातील बदल जाणवण्यासाठी तो बदलही मोठा असावा लागतो. हातात जड पोते असताना त्यावर एक लिंबू ठेवले तर कळणार नाही. रिकाम्या तळहातावर ठेवलेले लिंबू लगेच जाणवते. त्याचप्रमाणे कमी जोराने केलेल्या हालचालीत शरीरातील सूक्ष्म ताण ओळखता येतो.

हळू हालचाल सोपी असते, हा मात्र गैरसमज आहे. वेगामुळे मिळणारा झोका नसल्याने स्नायूंना संपूर्ण मार्गभर भार तोलून धरावा लागतो. खुर्चीवरून झटक्याने उठणे आणि मनात दहा अंक मोजत उठणे यांतील फरक कोणालाही घरच्या घरी पडताळता येईल.

तिसरा घटक श्वासाचा. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेते. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका प्रयोगात २३ निरोगी व्यक्तींना लॅटिन जपमाळ आणि एक मंत्र म्हणण्यास सांगण्यात आले. दोन्ही प्रकारांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली आणि रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनक्षमता वाढल्याचे आढळले. संथ आसनांत हालचाल श्वासाशी जोडलेली असल्याने श्वासही आपोआप मंदावतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते. म्हणून लांब उच्छ्वास शरीराला शांततेकडे नेतो.

संशोधनाचे निष्कर्ष

या सरावांविषयी बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांतील निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, परंतु चमत्काराचा दावा करणारे नाहीत.

१९९६ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे ७० वर्षांवरील २०० व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात, १५ आठवडे ताई ची शिकलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा एक तास, असा २४ आठवडे सराव केलेल्या ताई चीच्या गटाचा तोल इतर दोन्ही गटांपेक्षा सुधारला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. भार घेऊन व्यायाम करणाऱ्या गटाच्या तुलनेत मात्र पडण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही.

कंबरदुखीबाबतही असेच आहे. २०११ मध्ये अमेरिकेत २२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांचे योगवर्ग हे स्वउपचाराच्या पुस्तकापेक्षा अधिक गुणकारी ठरले. तथापि शास्त्रशुद्ध ताणाच्या व्यायामांचे वर्गही तितकेच गुणकारी ठरले. २०१७ मध्ये बोस्टन परिसरात ३२० रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात योगवर्ग हे भौतिकोपचारापेक्षा कमी परिणामकारक नसल्याचे आढळले. या अभ्यासातील बहुसंख्य रुग्ण अल्प उत्पन्न गटातील होते.

या सर्वांचे तात्पर्य असे की, संथ सरावाचे गुण खरे आहेत. परंतु ते एखाद्या गूढ शक्तीमुळे नसून नियमितपणा, शिक्षकाचे मार्गदर्शन, श्वास आणि अवधान यांच्या एकत्रित परिणामामुळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढवणाऱ्या हालचालींवर भर द्यावा, असेही त्यांत सांगितले आहे. आसने ही दुसरी गरज चांगल्या प्रकारे भागवतात. पहिलीसाठी झपाट्याने चालणे किंवा सायकल चालवणे आवश्यकच राहते.

रात्रपाळीनंतर सराव कसा करावा

पाळीत काम करणाऱ्याने घड्याळातील वेळेपेक्षा स्वतःच्या झोपेशी सरावाची सांगड घालणे श्रेयस्कर असते. दिवसपाळी असेल तर पहाटेचा सराव योग्य. रात्रपाळीनंतर सकाळी घरी आल्यावर जोरकस सूर्यनमस्कार किंवा वेगवान श्वसनक्रिया केल्यास शरीर अधिकच जागे होते. त्या वेळी १० ते १५ मिनिटांचा सौम्य क्रम पुरेसा असतो.

आरंभी ताठ उभे राहून वजन दोन्ही पावलांवर सारखे आहे का, हे पाहावे. त्यानंतर श्वास घेत हात सावकाश वर न्यावेत आणि श्वास सोडत खाली आणावेत. कमरेपासून दोन्ही बाजूंना हळुवार वळावे. चार पायांवर उभ्या असलेल्या मांजरीप्रमाणे पाठ वर उचलावी आणि खाली सोडावी. शेवटी पाठीवर पडून भिंतीला किंवा खुर्चीवर पाय टेकवावेत आणि शवासन करावे. श्वास नाकाने घ्यावा आणि सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा थोडा अधिक ठेवावा. प्रत्येक हालचालीत लक्ष हालचालीवरच असावे. दूरचित्रवाणी पाहत किंवा मोबाइलवर बोलत केलेल्या हालचालीस व्यायाम म्हणता येईल, परंतु सजग सराव म्हणता येणार नाही.

झोपेतून उठल्यावर, दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी, अधिक श्रमाची आसने करता येतात. पोटभर जेवणानंतर तीन ते चार तास आसने टाळावीत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा मणक्याचा विकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. शीर्षासन, दीर्घकाळ श्वास रोखणे आणि कपालभातीसारख्या वेगवान क्रिया पुस्तकात पाहून किंवा चित्रफितीवरून शिकू नयेत. वेदना झाल्यास तेथेच थांबावे.

कारखान्याच्या पहिल्या काही दशकांत रुजू झालेली पिढी आता वृद्धत्वात आहे. तिच्यासाठी पडण्यापासून बचाव हा कळीचा विषय आहे, कारण उतारवयात मांडीचे हाड मोडल्यास माणूस अनेकदा परावलंबी होतो. पुण्यात १९७५ मध्ये संस्था उभारणारे बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, खुर्ची, पट्टा आणि लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने शिकवण्याची पद्धत रूढ केली. गुडघे आखडलेल्या निवृत्त कामगारालाही त्यामुळे भीती न बाळगता सराव करता येतो.

अवकाश कोणाला मिळतो

'सावकाश' या मराठी शब्दात अवकाश दडलेला आहे. अवकाशासह जे केले जाते ते सावकाश. संथ सरावाच्या चर्चेत नेमकी हीच बाब दुर्लक्षित राहते. सरावाला साधने लागत नाहीत, हे खरे. परंतु रिकामा वेळ, थोडी जागा आणि निश्चिंत मन लागते. या गोष्टी विनामूल्य नाहीत.

कायम कामगाराला निश्चित पाळी, घर आणि दवाखान्याची सोय असते. कंत्राटी कामगाराची पाळी लांबू शकते आणि उद्याच्या कामाची शाश्वतीही नसते. भिलाईच्या इतिहासात कामाच्या अटींसाठी मोठा संघर्ष झाला आहे. छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकावर आंदोलक कामगारांवर पोलीस गोळीबार झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांच्या कामाची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती यांची तरतूद केली होती. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. घरी जाऊन पंधरा मिनिटे शांतपणे श्वास घेता येणे, हे या हक्काच्या अंमलबजावणीवर अवलंबून असते.

घरातील स्त्रियांची स्थितीही विचारात घेतली पाहिजे. २०१९ मधील राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटे होता. पती रात्रपाळीला, मुले सकाळच्या शाळेत आणि सासूसासरे आजारी असतील तर गृहिणीला एकाच दिवसात तीन वेळापत्रके सांभाळावी लागतात. तिला संथ सरावाचा सल्ला देण्यापूर्वी तिच्या कामाचा वाटा कुटुंबातील इतरांनी उचलणे आवश्यक ठरते.

शासकीय पातळीवर काही पावले उचलली गेली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी केलेल्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये नोकरदारांसाठी 'वाय-ब्रेक' हा पाच मिनिटांचा क्रम मोबाइलवर उपलब्ध करून दिला. त्यात काही सोपी आसने, प्राणायाम आणि ध्यान यांचा समावेश आहे. कार्यालयीन खुर्चीवर बसणाऱ्यांना तो सहज करता येतो. भट्टीजवळ जाड पोशाख, शिरस्त्राण आणि बूट घालून काम करणाऱ्यास त्यात बदल करावा लागेल आणि तो विश्रांतीगृहातच करावा लागेल.

एक इशारा येथे आवश्यक आहे. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात झालेल्या वायुगळतीत दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा मृत्यू झाला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टी विभागातील वायुवाहिनीच्या दुर्घटनेतही अनेक कर्मचारी दगावले. अशा दुर्घटना कामगाराचे मन एकाग्र नव्हते म्हणून घडतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वायुमापक यंत्रे, देखभाल, प्रशिक्षण आणि पुरेसे मनुष्यबळ ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. सजगतेचा सराव तिचा पर्याय होऊ शकत नाही. कामगाराला शांत राहण्यास शिकवून धोकादायक परिस्थिती तशीच ठेवली, तर त्या शांततेला अर्थ उरत नाही.

या मर्यादा लक्षात घेतल्यावरही सरावाचे मोल शिल्लक राहते. पाळीचा माणूस दिवसातील आठ तास यंत्राच्या गतीने चालतो. उरलेल्या वेळात वाहतूक, बाजार, मुलांचा अभ्यास आणि मोबाइलवरील संदेश यांची गती त्याला ओढत असते. सावकाश हात वर नेण्याच्या त्या काही मिनिटांत गती ठरवण्याचा अधिकार प्रथमच त्याच्या स्वतःच्या श्वासाकडे येतो. त्यातून रक्तदाब थोडा उतरेल, कंबर थोडी सैल होईल आणि झोप कदाचित लवकर लागेल. दुखण्याची सुरुवात होत असेल, तर ते बळावण्यापूर्वी ध्यानात येईल आणि वेळेवर वैद्याकडे जाता येईल.

रात्रपाळीहून परतलेल्या माणसाला घरच्यांनी द्यावयाचे साहाय्यही साधे आहे. एक अंधारी खोली, बंद केलेला मोबाइल आणि हाक न मारता सोडलेला अर्धा तास. त्यातील पंधरा मिनिटे सरावाची आणि उरलेली डोळा लागण्याची. उद्यानातील पहाटेचा वर्ग ज्यांना कधीच गाठता येणार नाही, अशा हजारो कुटुंबांसाठी योगाभ्यासाची सुरुवात येथूनच होऊ शकते.